नदीतलं कयाकिंग: तुमचे अनुभव लिहा

तिवर
काल माळा आवरताना ड्राय बॅग सापडली. आत बाबांची टोपी, खाऱ्या पाण्याने कडक झालेली. एकदम कर्ली नदी डोळ्यांसमोर आली. डिसेंबर, सकाळचे सात, नेरूरपारच्या पुलाजवळून निघालो होतो. दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे बसतो, दिशाही त्यानेच सांभाळायची. म्हणून बाबा पुढे, मी मागे. लहानपणी स्कूटरवर हीच पाठ धरून बसायचो. आता दोन तास तीच पाठ समोर, आणि वळवायचं काम माझ्याकडे. पुढच्याच्या तालात मागच्याने वल्हवायचं असतं. बाबांचा ताल अगदी संथ. सुरुवातीला मला घाई झाली होती. मग कांदळवनातल्या चिंचोळ्या फाट्यात शिरलो. हातभर अंतरावर खंड्या बसला होता, तो उडालाच नाही. बाबांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि आम्ही नुसते वाहत राहिलो.
आता पाय लांब करून इतका वेळ बसणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही. तुम्ही घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर कुठे जाता? कोणत्या महिन्यांत?

घाटमाथा
कुंडलिका!! कोलाड. आम्ही मे महिन्यात जातो. बाकी नद्यांचे दगड उघडे पडलेले असतात तेव्हाही हिला पाणी, कारण मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरून हिच्यात येतं. १९२७ सालचं वीजघर आहे. सकाळी पाणी सोडलं की निघायचं, आपल्या झोपेची वेळ तिथे चालत नाही. नणंद पहिल्याच लाटेला उलटली. आधी शिकवलं होतं तसं केलं तिने: उताणी, पाय पुढे आणि वर, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दगडात अडकला तर प्रवाह माणसाला खाली दाबतो. बाहेर आली आणि म्हणाली, परत एकदा. मला तिचा फार अभिमान वाटला.

सायली_पुणे
कुकर लावलाय, रात्री लिहिते. बाबांची पाठ वाचून गलबललं.

कृष्णाकाठ
आमच्या सांगलीकडे मगरी आहेत हो. होड्यांच्या शर्यती काठावरून बघायच्या, आरडाओरडा करून घसा बसवून घ्यायचा आणि येताना भडंग.

घाटमाथा
भडंग कुणाकडून आणता? इथे मिळतं त्याला ती चव नाही.

कृष्णाकाठ
घरचंच. लसूण सालीसकट ठेचून घाला, फरक पडतो.

देवबागची लेक
वाचान बरा वाटला. माझा माहेर देवबागचा, एका बाजूक दर्या, दुसऱ्या बाजूक कर्ली.
सगळ्यांसाठी सांगते, भरती बघितल्याशिवाय खाडीत उतरू नका. आजोबांचा हिशोब: तिथीची पाऊणपट करायची, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं. भरतीबरोबर आत जायचं, ओहोटीबरोबर परत. आणि खारा वारा सुटायच्या आत काठाला लागायचं. दुपारी तो तोंडावर आला की हात भरून येतात.

पणजीकर
+१. चोडणला आम्ही चार मित्र गप्पांच्या नादात फाट्यात थांबलो आणि पाणी उतरलं. कयाक चिखलात. उतरावं तर गुडघाभर गाळ, आत कालवांच्या धारदार शिंपल्या. भरती येईपर्यंत बसून होतो, एका बाटलीतलं पाणी चौघांत. पण त्या तासांत चिखलावर ऊद (पाणमांजरं) खेळताना पाहिले, पिल्लांसकट! तेव्हापासून पाणी दुप्पट नेतो आणि जुनी चप्पल पायात ठेवतो.

बोस्टनहून
इथे चार्ल्स नदी. हिवाळ्यात गोठते, त्यामुळे सगळं उन्हाळ्यात उरकायचं. आई-बाबा आले होते तेव्हा ४ जुलैची आतषबाजी कयाकमधून पाहिली. आईने पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवलं, बक्कल तीनदा तपासून घेतली. अंधारात वल्ह्यावरचं पाणी निथळताना रंगीत दिसत होतं. ती म्हणाली, गंगेत दिवे सोडल्यासारखं वाटतंय.

सायली_पुणे
आले. पोरं झोपली. आमचं पावसाळ्याचं गणित सांगते: जून ते नारळी पौर्णिमा खाडी आणि नदी बंद म्हणजे बंद. वरच्या घाटात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही नदी चढते. एकदा काठावर उभं राहून पाहिलंय, ओंडके वाहत होते. धाकट्याने हट्ट केला, रडला, तरी नाही उतरवलं. अजून बोलतो त्यावरून, बोलू दे.

घाटमाथा
बरोबर केलंत. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं घेता ना? मोठ्यांचं डोक्यावरून निघतं.

सायली_पुणे
हो, मापाचंच. खालचा पट्टाही लावते.

तिवर
सगळ्यांचं वाचतोय, बाबांनाही वाचून दाखवतोय. देवबागताई, येत्या रविवारी दशमी आहे. म्हणजे साडेसात?

देवबागची लेक
होय, साडेसातच्या आसपास. सहाला उतरा, उजाडता उजाडता. बाबांका घेवन येतलास मां?

तिवर
ते काठावर थांबणार. थर्मास आत्तापासून धुऊन ठेवलाय त्यांनी.