मदत हवी आहे: पोलंडमधल्या युक्रेनियन निर्वासितांवर संशोधन

नमस्कार मंडळी. मी व्रोत्स्वाफमध्ये समाजशास्त्रात एमए करतेय. प्रबंधाचा विषय: युक्रेनमधून आलेल्या बायकांच्या गरजा आणि त्यांचं इथं रुळणं. मार्च २०२२ पासून तात्पुरतं संरक्षण आहे, पेसेल (पोलंडचा ओळख क्रमांक) मिळतो, कामाला मुभा आहे. कागदावर सगळं छान. पण खार्किवमध्ये हिशेबनीस असलेली बाई इथं गोदामात खोकी भरते. पोराची सकाळी पोलिश शाळा, संध्याकाळी मोबाइलवर युक्रेनियन वर्ग. ती स्वतः पोलिश शिकणार कधी?

अडचण अशी, की मदत केंद्रातून ओळखी काढल्या तर तिथे येणाऱ्याच भेटतात. ज्यांचं बरं चाललंय किंवा ज्यांना शिफ्टमुळे येताच येत नाही, त्या सुटतात. त्यांना कसं गाठायचं? दुभाषी त्यांच्याच ओळखीतली असली तर त्या मोकळं बोलतील का? आणि नवरा आघाडीवर आहे का, हे मुळात विचारावं का? मला विचारू नये वाटतं (आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी), पण गाइडना प्रश्नावलीत तो प्रश्न हवाच आहे.

जर्मनीत, चेकियात किंवा कुठेही निर्वासितांमध्ये असं फील्डवर्क केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. मसुदा मेसेजमध्ये पाठवते.