अठराची पाटी आणि मोढेरा

वर कुणीतरी लिहिलंय की नग्न चित्रांच्या प्रदर्शनाच्या दारावर 'फक्त 18 वर्षांवरील' अशी पाटी लावली की अश्लीलतेच्या आरोपातून चित्रकाराची सुटका. पाटी असावीच, माझं काही म्हणणं नाही, पण कायद्यात तसली सूट आहे कुठे? लहान मुलांना अश्लील वस्तू विकणं-दाखवणं हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा आहे (जुन्या दंड संहितेच्या 293 कलमात वयाची मर्यादा तर 20 होती, आता नव्या भारतीय न्याय संहितेत 18 झालीये), म्हणून मोठ्यांना दाखवलं की चालतं असा अर्थ निघत नाही. चित्रकाराला बचाव एकच, हे कलेच्या हिताचं आहे असं म्हणायचं, आणि तेही शेवटी कोर्टात. आमच्या बडोद्यात मे 2007 ला फाईन आर्ट्सच्या परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून विद्यार्थ्याला अटक झाली, तेव्हा पाटी असती तरी काय फरक पडला असता सांगा.

उलट देवळं आणि प्राचीन स्मारकांवरच्या शिल्पांना कायद्यातच सूट. मागे भाचरांना घेऊन मोढेऱ्याच्या प्राचीन सूर्यमंदिरात गेलो होतो, तिथेही असली शिल्पं आहेत, तर 15 वर्षांखालच्यांना तिकीटच लागत नाही, सरळ आत! धाकटा एका खांबापाशी वाकून बघत बसला आणि म्हणतो, "मामा, हे कुस्ती खेळतायत का?" ताई म्हणाली पुढे चल, पाणी पी, आणि मी आपला देवळासमोरच्या कुंडाच्या पायऱ्या मोजायला लागलो.