साठीनंतर शिकताना शाळेतल्या अभ्यासाच्या सवयी उपयोगी पडतात की आड येतात?

प्रश्न विचारणारे: दोनशेपानी वही

नमस्कार मंडळी. माझे वय ६१ आहे. एका सहकारी बँकेत पस्तीस वर्षे नोकरी करून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्या घरी माळ्यावर जुन्या कागदांचे एक गाठोडे आहे, त्यात जमिनीची खरेदीखते, काही पत्रे आणि दोन फार जुने कागद आहेत, आणि हे सारे मोडी या जुन्या, जोडून लिहायच्या मराठी लिपीत आहे. ते दुसऱ्याकडून वाचून घेण्यापेक्षा स्वतः वाचावे या हौसेने गेल्या जूनपासून मी मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो. शनिवारी व रविवारी दोन-दोन तास शिकवणी असते.

मला अभ्यास म्हणून एकच रीत ठाऊक आहे, आणि तिच्याच जोरावर मी १९८० साली दहावी उत्तम गुणांनी पार केली होती. पहाटे चारला उठायचे, मोठ्याने वाचायचे, आणि वाचलेले पाच वेळा लिहून काढायचे. मोडीचाही अभ्यास मी तसाच केला. तक्त्यावरून बाराखडी उतरवून दोन दोनशेपानी वह्या भरल्या. आज सुटे अक्षर समोर धरले तर मी ओळखतो, पण प्रत्यक्ष कागदावर शब्दाशब्दांत जागा नसलेली, हात न उचलता लिहिलेली ती सलग ओळ पाहिली की एक अक्षर धड सापडत नाही. शुहूर सनाचे, म्हणजे जुन्या कागदांवर असणाऱ्या वर्षगणनेचे, अरबी अंकवाचक शब्द, म्हणजे इहिदे (एक), इसन्ने (दोन), सलास (तीन), अर्बा (चार) वगैरे, मी चाळीसएक वेळा लिहिले असतील. रविवारी पाठ झालेले गुरुवारी आठवायला जावे तर सलासच्या पुढे गाडी सरकत नाही. आमच्या वर्गात विशीतली एक मुलगी आहे, ती वहीसुद्धा आणत नाही, फळ्याचा फोटो काढून नेते, आणि पुढच्या शनिवारी माझ्यापेक्षा बरे वाचते.

तेव्हा विचारायचे असे, की हा वयाचा परिणाम समजून वर्ग सोडावा, की अभ्यासाची रीतच बदलावी? निरनिराळ्या वयांत ज्यांनी काही शिकले किंवा शिकवले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

———

उत्तर: औटकी

मी प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. माझ्या मते तुम्हाला तुमचा शाळेतला अभ्यास अर्धाच आठवतो आहे. पहाटेचे वाचन आणि पाच वेळा लिहिणे हा त्याचा दिसणारा भाग होता. दुसरा भाग कोणीतरी तुमच्याकडून करून घेत असे, म्हणून तो तुमच्या हिशेबात आलेला नाही.

दिवेलागणीला देवापुढे बसून परवचा म्हणावा लागत असे, ते आठवून पाहा. पाढे, पावकी, निमकी, कुठे कुठे औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढासुद्धा, मग वार, तिथी, महिने, नक्षत्रे. त्या वेळी हातात पुस्तक नसे. जे डोक्यात होते तेच तोंडातून निघे, आणि जे नव्हते ते तिथल्या तिथे उघडे पडे. शाळेत मास्तर अवचित उभे करून विचारत, चाचणी होई, सहामाही होई. म्हणजे आत घातलेले रोज बाहेर काढून पाहण्याची व्यवस्था घराने आणि शाळेने मिळून केलेली होती. आज ती व्यवस्था राहिली नाही, आणि तुम्ही नुसते आत घालत बसला आहात. वही समोर ठेवून चाळीस वेळा उतरवले, यात आठवण्याचा प्रसंग एकदाही आला नाही.

हे केवळ जुन्या शिक्षिकेचे मत नव्हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमचा रविवार आणि तुमचा गुरुवार यांत हेच घडते आहे, आणि त्या प्रयोगातली मुले तर कॉलेजातली होती, त्यामुळे वयाला इतक्यात दोष देऊ नका.

आता सलासपाशी गाडी का अडते ते सांगते. साताचा पाढा खणखणीत म्हणणाऱ्या मुलाला मी मध्येच ‘सात सक?’ असे विचारले, की त्याचे ओठ हलू लागत; ते ‘सात एके सात’पासून मनात धावत येऊन बेचाळीसपाशी थांबे. त्याला पाढ्याची चाल पाठ असे, पाढा येत नसे. तुमचेही शब्द क्रमाने पाठ झाले आहेत. म्हणून ते उलटे म्हणा, मधूनच एखादा उचला, आणि मुख्य म्हणजे त्यांचा वापर करा. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ मध्ये झाली. शुहूर सन जूनच्या सुमारास मृगाला पालटतो; त्याच्या आकड्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. तेव्हा पानिपतचा शुहूर सन ११६१, आणि तो म्हणायचा ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. अशा ठाऊक असलेल्या दहा तारखा घेऊन रोज वही मिटून त्यांचे शुहूर सन करा. घरातल्या कोणाला तरी परवचा घ्यायला बसवा. लाज वाटेल, पण पहिले चार दिवसच.

———

उत्तर: रात्रपाळी

मी परिचारिका आहे. बारावी झाली नव्हती, म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन पुढे तिथूनच बी.ए. केले, आणि त्या वेळी मी अडतीस वर्षांची, दोन शाळकरी मुलांची आई होते. औटकीबाईंचे म्हणणे मला पटते, पण मधल्या वयातली अडचण स्मरणशक्तीची नसते, सलग वेळेची आणि थकव्याची असते, एवढे त्यात जोडावेसे वाटते.

पहिल्या वर्षी मीही शाळेतली शिस्त धरायला गेले. पाळीवरून आल्यावर सलग तीन तास बसायचे असे वेळापत्रक करून भिंतीला लावले, आणि त्या तीन तासांतले दोन तास मी पुस्तकावर डोके ठेवून झोपलेली असे. एक विषय राहिला. त्यानंतर मी पाठ्यपुस्तकाचे धडे सुटे करून शिवून घेतले, आणि त्यातला एकच धडा ॲप्रनच्या खिशात ठेवू लागले. बसमध्ये वाचायचा, आणि पहाटे तीनच्या चहाला सोबतच्या सिस्टरला तो सांगायचा, एवढाच माझा अभ्यास होता. तिला अर्थशास्त्रात काडीचा रस नव्हता, पण ती ‘म्हणजे काय?’ असे फार ठिकाणी विचारत असे, आणि जिथे मला उत्तर देता येत नसे तो परिच्छेद मी सकाळी घरी जाताना पुन्हा वाचत असे.

काकांनी पहाटे चारचा हट्ट सोडावा असे माझे मत आहे. तो चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा नियम होता, आणि तोही बहुधा घरात दिवसा गडबड असे म्हणून पडलेला होता.

———

उत्तर: अभ्यासिका क्रमांक चार

मी सव्वीस वर्षांचा आहे आणि पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. त्या मुलीच्या बाजूने, किंवा खरे तर आमच्या पिढीच्या विरुद्ध, दोन शब्द सांगतो. फळ्याचा फोटो काढणे हा अभ्यास नव्हे. माझ्या फोनमध्ये असे हजारो फोटो आहेत आणि त्यांतले बहुतेक मी पुन्हा उघडलेले नाहीत. ती पुढे असेल तर ती घरी जाऊन खरे कागद वाचत असली पाहिजे, एकदा विचारून पाहा. अभ्यासिकेत आम्ही दिवसाचे बारा तास बसतो असे घरी सांगतो, पण त्यातला आठवण्याचा वेळ मोजला तर सांगायला संकोच वाटेल इतका थोडा निघतो.

मला उपयोगी पडलेली एक गोष्ट म्हणजे पुठ्ठ्याची पत्ते-पेटी. झेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ साली ही रीत लोकप्रिय केली. पत्त्याच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर; उत्तर बरोबर आले तर पत्ता पुढच्या कप्प्यात जातो आणि उशिराने पुन्हा समोर येतो, चुकले तर थेट पहिल्या कप्प्यात परत येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारला जातो. त्यामुळे येत असलेलेच पुन्हा पुन्हा घोकण्याची जी गोड सवय असते, ती सुटते. काकांनी पत्ते करताना तक्त्यावरची छापील अक्षरे न घेता स्वतःच्या खरेदीखताची झेरॉक्स कापून तीच चिकटवावीत, असे सुचवतो.

———

उत्तर: जुने दप्तर

झेरॉक्सची सूचना नेमकी आहे, आणि मूळ अडचणही तिथेच आहे. मी बरीच वर्षे मोडी कागद वाचतो. तक्त्यावरचे अक्षर आणि कागदावरचे अक्षर यांत अंतर असते, कारण मोडीत काना-मात्रा अक्षराशी अशा एकजीव होतात की अक्षराचे रूपच पालटते, ‘र’ तर शेजार पाहून निरनिराळी रूपे घेतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखनिक पाळत नाही. शिवाय प्रत्येक लेखनिकाचे वळण वेगळे. म्हणून औटकीबाईंशी थोडा मतभेद नोंदवतो. सनांच्या शब्दांना परवचा उत्तम, पण अक्षराला नुसती आठवण पुरत नाही, तिथे डोळ्याखालून कागद पुष्कळ जावे लागतात. एकाच लेखनिकाचा एकच कागद घ्या, त्याने ओढली असेल तशी आधी पानभर शिरोरेघ ओढा, आणि त्याच्याच वळणाने एक-एक ओळ तिला टांगत जा. हात कुठे वळतो ते कळले की डोळ्याला अक्षर सुटे करता येते.

आता वयाविषयी. तुम्ही पस्तीस वर्षे बँकेत होता म्हणता, म्हणजे धनादेशावरची सही आणि नमुना सही जुळवून पाहण्याचे काम तुम्ही कितीतरी वेळा केले असणार. सही वाचताना आपण सुटी अक्षरे लावत बसत नाही; ओघ, झोक, कुठे दाब पडला आणि कुठे हात सुटला हे पाहतो. मोडी वाचणे पुष्कळसे तसेच आहे, आणि विशीतल्या मुलीकडे ही नजर असण्याचे कारण नाही. दुसरी जमेची बाजू शब्दांची. खरेदीखतांचा मायना ठरलेला असतो, आणि त्यात चतुःसीमा येतेच: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. गहाण, तारण, बोजा, वहिवाट हे शब्द तुमच्या रोजच्या व्यवहारातले होते, त्यामुळे ओळीत पुढे काय येणार याचा अंदाज तुम्हाला बांधता येईल. झटपट नवे टिपण्याचा वेग तरुणपणी अधिक असतो, पण शब्दसंग्रह उतारवयापर्यंत वाढत राहतो, असे मानसशास्त्रातील चाचण्यांतही दिसून आलेले आहे. तुम्ही मात्र तक्ता घोटत बसून, जिथे वय आड येते नेमक्या त्याच बाजूने चढाई करत आहात.

जाता जाता, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून तिथे मुळाक्षरे गिरवू लागल्या. तुम्हाला निदान एक लिपी आधीच येते आहे.

———

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: दोनशेपानी वही

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे घेतले, कारण आधी करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते.

पहाटेचे उठणे सोडले. सकाळी नाश्त्यानंतर अर्धा तास एकाच खरेदीखतावर काम करतो, तेही शिरोरेघ ओढून. संध्याकाळी सौभाग्यवती परवचा घेतात. पहिल्या दिवशी त्या हसल्या, दुसऱ्या दिवशी मी चिडलो, आणि आता त्यांनाच अशर, अशरीन, सलासीन (दहा, वीस, तीस) माझ्याआधी येते, त्यामुळे मला स्वयंपाकघरातून चुका ऐकाव्या लागतात. त्या मुलीलाही विचारले. तिच्या आजोळी मोडीतल्या वह्या आहेत आणि ती रोज रात्री एक पान वाचून मामांना फोनवर सांगते. म्हणजे अभ्यासिकेतल्या भाऊंचा तर्क बरोबर ठरला.

सहीचा मुद्दा मात्र माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. तो वाचल्यावर मी खरेदीखत उलटे धरून पाहिले, बँकेत शंकास्पद सही आम्ही अशीच पाहत असू, आणि एकच वळण चार ठिकाणी आलेले दिसले. सरळ करून वाचले तर तो ‘स’ होता, ‘पूर्वेस’मधला, आणि मग ‘पश्चिमेस’मधला. त्या दोन शब्दांच्या मध्ये ओढा सापडला, तो ओढा आजही आमच्या बांधाला आहे.

जुन्या दोन कागदांपैकी एकाचा सन परवा लावला. ‘अर्बा अशर मयातैन व अलफ’, म्हणजे चार, दहा, दोनशे आणि हजार, एकूण १२१४, त्यात ५९९ मिळवून १८१३, कागद मृगानंतरचा असेल तर. महिना आणि चंद्र (म्हणजे तारीख) लावला की तेही ठरेल. वहीत पूर्वी मी हाच सन तक्त्यावरून १२०४ असा उतरवून ठेवला होता, कारण मधला ‘अशर’ नजरेतून सुटला होता.

दक्षिणेकडच्या शेताच्या मालकाचे नाव अजून लागत नाही. शनिवारी त्या ओळीची मोठी झेरॉक्स वर्गात घेऊन जाणार आहे. ‘जुने दप्तर’ यांची हरकत नसेल तर तिचा फोटो इथेही टाकीन.