बंगल्यामागे ८ बाय ४ मीटरचा पोहण्याचा तलाव: देखरेख नेमकी कुठे करायची?

पौडकर_७

पौडच्या पुढे उताराचा प्लॉट आहे. बंगल्यामागे ८ × ४ मीटरचा तलाव ठरतोय, खोली एका टोकाला ४ फूट, दुसऱ्या टोकाला ५ फूट. वरची दोन-अडीच फूट लाल माती, खाली कडक मुरूम. भर पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचं पाणी जमिनीपासून दोन फुटांवर येतं.

ठेकेदाराचा प्रस्ताव असा: तळ आणि भिंती ६ इंची, सळईची एकच जाळी, प्लास्टरमध्ये वॉटरप्रूफिंगची पावडर, वर ग्लास मोझॅक, सांध्यात व्हाइट सिमेंट. तळाला मधोमध एक ड्रेन, एक स्किमर (पाण्यावरची पानं-कचरा ओढून घेणारं तोंड), १ एचपीचा पंप. दिवाळीनंतर काम सुरू करायचं आहे.

साइटवर रोज उभं राहणं शक्य नाही, आठवड्यातून दोन दिवस जमेल. कोणत्या टप्प्यांना हजर राहायलाच हवं आणि तेव्हा काय बघायचं? प्रस्तावात काही खटकत असेल तर तेही सांगा.

गुण्या_ओळंबा

सगळ्यात आधी प्रस्तावातला दोष, कारण तो देखरेखीने दुरुस्त होणार नाही. तुमचा तलाव गळण्याआधी तरंगेल.

हिशेब करून बघा. ६ इंची भिंती धरल्या तर बाहेरचं माप ८.३ × ४.३, म्हणजे ३५.७ चौरस मीटर. सरासरी खोली १.३५ मीटर धरून काँक्रीट भरतं साधारण १०.३ घनमीटर, वजन २६ टन. प्लास्टर-टाइल मिळून आणखी ५ टन, म्हणजे ३१. पाणी जमिनीखाली दोन फुटांवर आलं की तळाच्या खालच्या बाजूपासून ते ९० सेंटिमीटर वर उभं असतं. त्याचा वर ढकलणारा जोर ३५.७ × ०.९ = ३२ टन. रिकामा तलाव तिथेच उचलला जातो. पुरता उचलला नाही तरी तळाला फुगवटा येतो आणि भिंत-तळाचा सांधा फाटतो.

विहिरीची पातळी हा सौम्य अंदाज आहे, हेही लक्षात घ्या. कडक मुरमात खणलेला खड्डा म्हणजे दुसरी टाकीच. भिंतीमागच्या भरावात पावसाचं पाणी उतरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. ते थेट जमिनीच्या पातळीपर्यंत चढू शकतं.

म्हणून तीन गोष्टी एकत्र करा:

१. तळ आणि भिंती ८ इंची. वजन ४० टनांपर्यंत जातं. दोन फुटांवरच्या पाण्याचा जोर या मापाला ३५ टन येतो, म्हणजे जेमतेम निभावतं. वजन भागिले जोर हा गुणक निदान १.२ हवा.

२. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी १ फूट काढा. त्यावर बसणारा भराव आणि जास्तीचं काँक्रीट मिळून १६ टनांच्या आसपास वजन धरून ठेवतं. खर्च होतो तो दीड-दोन घनमीटर काँक्रीटचा.

३. पाणी जमिनीला टेकलं तर जोर ५७ टनांवर जातो आणि वरच्या दोन्ही गोष्टी अपुऱ्या पडतात. म्हणून तळाखालून निचरा हवाच. ११० एमएमचा छिद्रांचा पाइप, त्याभोवती २० एमएम खडी, सगळं जिओटेक्स्टाइलमध्ये (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडात) गुंडाळलेलं. त्याचं तोंड उताराच्या खालच्या बाजूला उघड्यावर काढा, उंदीर जाऊ नये म्हणून जाळी बसवा. तुमचा उतार इथे सोन्यासारखा आहे, सपाट प्लॉटवाल्याला याच कामासाठी चेंबर आणि पंप लागतो. शिवाय मेन ड्रेनच्या भांड्यात हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह. बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्यापेक्षा वाढला की तो उघडतो आणि बाहेरचं पाणी आत घेतो. तो खडीच्या थरात उघडला पाहिजे. पीसीसीत (सळईविना साध्या काँक्रीटच्या थरात) गाडला गेला तर शोभेचा.

एकेरी जाळी नको. दोन्ही तोंडांना १० एमएम, ६ इंचांवर, आडवी-उभी. एकूण दीड ते पावणेदोन टन सळई लागेल. नकाशा मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा घ्या. पाणी धरणाऱ्या बांधकामाचं मानक आयएस ३३७० आहे, त्यानुसार काँक्रीट किमान एम३० (एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद). घराचा स्लॅब एम२० मध्ये होतो म्हणून इथेही चालेल, हे ऐकून घेऊ नका.

आता हजेरी. जे काम झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी बघायचं, बाकीचं फोटोवर चालतं. तुमच्या कामात असे प्रसंग पाच:

पहिला, खोदाई संपल्यावर. तळ सगळीकडे कडक मुरमात आहे का, की एका कोपऱ्यात माती राहिली आहे? राहिली असेल तर तेवढी काढून तिथे पीसीसी भरा, सैल मुरूम टाकून लेव्हल करू देऊ नका. अर्धा तळ कडक आणि अर्धा मऊ असेल तर तलाव कलतो. शटरिंगसाठी भिंतीबाहेर किमान २ फूट मोकळी जागा हवी. निचऱ्याचा पाइप याच दिवशी बघून घ्या, आणि त्यात बादलीभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला येतं का तेही.

दुसरा, तळाची सळई बांधून झाल्यावर, काँक्रीटच्या आदल्या दिवशी. हा सगळ्यात महत्त्वाचा. खालच्या जाळीखाली ४५ एमएमचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे), दगडाचे तुकडे नकोत. वरची जाळी चेअरवर (वाकवलेल्या सळईच्या घोड्यांवर) उभी असावी. तिच्यावरून चालून बघा, दबली तर चेअर कमी आहेत. जोड किमान ५० सेंटिमीटरचे आणि सगळे एका रेषेत नसावेत. भिंतीची सळई तळातून वाकवून वर आलेली असावी. तळासोबतच भिंतीचा ६ इंची स्टार्टर ओतायचा आणि त्याच्या मधोमध पीव्हीसी वॉटरबार (सांध्यातून पाणी अडवणारी पट्टी) उभा ठेवायचा, अर्धा खालच्या काँक्रीटमध्ये आणि अर्धा वरच्या. तो तारेने सळईला बांधलेला नसेल तर ओतताना हमखास आडवा पडतो. भिंत-तळाच्या सांध्यातली बहुतेक गळती तिथलीच असते.

तिसरा, भिंतीची एक बाजू शटरिंगने बंद होण्याआधी. सळई, पाइप आणि वॉटरबारवरचा कचरा बघा. स्टार्टरचा माथा खरखरीत करून धुतलेला हवा. शटरिंगचे बोल्ट भिंतीच्या आरपार जात असतील तर त्यांची प्लास्टिकची नळी नंतर तिथेच राहते आणि तिच्यातून पाणी चालतं. ती काढून भोक दोन्ही बाजूंनी नॉन-श्रिंक ग्राउटने भरायचं, हे लिहून घ्या.

चौथा पाण्याच्या चाचणीचा, पाचवा वॉटरप्रूफिंगचा. त्यावर इतर मंडळी लिहितीलच.

पाईपवाला_भाऊ

गुण्या यांनी तरंगण्याचं सांगितलं. माझा आक्षेप एका ड्रेनवर आहे आणि तो जिवाचा प्रश्न आहे. एकच ड्रेन थेट पंपाला जोडला आणि त्यावर लहान मुलाचं पोट किंवा केस बसले, तर पंपाच्या ओढीपुढे मोठ्या माणसालाही ते सोडवता येत नाही. दोन ड्रेन, एकमेकांपासून किमान ३ फुटांवर, एकाच पाइपात टीने जोडलेले, मध्ये कुठेही व्हॉल्व्ह नाही. एक झाकला गेला तर दुसऱ्यातून ओढ चालू राहते. झाकणं फुगीर, केस न अडकणारी घ्या. सपाट जाळी नको.

पाणी वरून १० सेंटिमीटर खाली धरलं तर तुमचा साठा ४० हजार लिटर. चार तासांत एक फेरी हवी तर ताशी १० घनमीटर. त्याला २४ इंची सँड फिल्टर पुरतो, त्याहून लहान घेऊ नका. पंप एचपीवर विकत घेऊ नका. १० मीटर हेडला (पाणी तेवढं उंच चढवण्याइतक्या दाबाला) ताशी १० घनमीटर देणारा मागा, तो बहुधा पाऊण ते एक एचपीत बसतो. पंप मोठा आणि फिल्टर लहान असला की घाण वाळूतून पार होते आणि पाणी कायम धुरकट राहतं.

पाइप ६३ एमएम. ५० एमएममध्ये याच प्रवाहाला वेग सेकंदाला पावणेदोन मीटर होतो. सक्शनला दीडच्या आत हवा, ६३ मध्ये तो एकच्या आसपास येतो. ९० अंशाच्या एल्बोऐवजी जमेल तिथे ४५ चे दोन वापरा. स्किमर, मेन ड्रेन आणि व्हॅक्यूम पॉइंट (तळ साफ करायचा पाइप जोडायचं तोंड) यांचे पाइप पंपरूमपर्यंत वेगवेगळे न्या, व्हॉल्व्ह तिथे. उद्या एखादी लाइन गळली तर ती एकटी बंद करता येते.

३२ चौरस मीटर पृष्ठभागाला दोन स्किमर घ्या. तुमच्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून, म्हणून ते पूर्वेच्या भिंतीत. पानं वाराच तिकडे ढकलतो. रिटर्न (गाळलेलं पाणी परत आत येण्याची तोंडं) समोरच्या भिंतीत.

सगळ्या फिटिंग काँक्रीटच्या आधी सळईत बांधून घ्या. भिंतीतून जाणाऱ्या पाइपावर पडल कॉलर (पाइपाच्या कडेने पाणी जाऊ न देणारी चकती) हवी. नंतर ब्रेकरने भोक पाडून बसवलेला रिटर्न आज ना उद्या गळतोच. काँक्रीटच्या आधी सगळी तोंडं बंद करून लाइन २ ते ३ बारला २४ तास ठेवा, आणि प्रेशर गेज ओततानाही लावलेलाच राहू द्या. कामगाराचं फावडं लागून पाइप तडकला तर काटा तिथेच पडतो आणि दुरुस्ती दहा मिनिटांत होते. टाइल बसल्यावर त्याच दुरुस्तीला तळ फोडावा लागतो.

पंपरूम उताराच्या बाजूला पण जमिनीच्या वर ठेवा. खड्ड्यातली पंपरूम मुळशीच्या पावसात एकदा तरी भरते.

सांधा_भरा

वॉटरप्रूफिंग पावडरबद्दल. काँक्रीट कच्चं असेल तर पावडर ते झाकत नाही. आणि चाचणी प्लास्टरच्या आधी करा. नुसत्या काँक्रीटचा तलाव, बाहेरची बाजू उघडी, भराव अजिबात नाही. पाणी हळूहळू भरा, दिवसाला दोन फुटांहून जास्त नको. आठवडाभर ठेवा, काँक्रीट तेवढ्यात पाणी पिऊन घेतं. मग बादली चाचणी: पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आत-बाहेर पातळी सारखी करून खूण करा. २४ तासांनी दोन्हीतली घट सारखी असेल तर ते बाष्पीभवन. बाहेरची पातळी जास्त उतरली तर तेवढी गळती. बाहेरून भिंतीवरचे ओले डाग खडूने आखून फोटो काढा, तेच दुरुस्तीचे नकाशे.

चाचणी पास झाल्यावरच भराव घाला, तोही तलाव भरलेला असताना. मुरूम ८ इंचांच्या थराने, पाणी मारून, हाताच्या धुमसाने. रोलर भिंतीजवळ आणू नका. भराव घाईत टाकला की पहिल्या पावसाळ्यानंतर कडेची फरशी खचते, आणि मग लोक टाइलवाल्याला शिव्या घालतात.

नंतर तळ-भिंतीच्या कोपऱ्यात वाटा (मसाल्याची गोलाई), त्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला काटकोनात. ब्रिकबॅट कोबा इथे नको. तो गच्चीवर ठीक, तलावात विटांचे तुकडे पाणी धरून ठेवतात आणि गळती कुठली ते सापडतच नाही.

ग्लास मोझॅक बुडालेल्या जागेसाठी असलेल्या पॉलिमर अॅडेसिव्हवर, सांध्यात इपॉक्सी. व्हाइट सिमेंट क्लोरीन आणि आम्लाने दोन-तीन वर्षांत झिजतं, मग टाइलची धार पायाला लागते. पाठीला जाळी चिकटवलेले मोझॅक टाळा, पुढून कागद असलेले घ्या. जाळीचा गोंद पाण्यात सुटतो. ग्राउटनंतर १४ दिवस पाणी भरू नका.

पौडकर_७

सर्वांचे आभार. ८ इंच, दुहेरी जाळी आणि दोन ड्रेन ठेकेदाराने मान्य केले. दोन शंका. रस्ता अरुंद असल्याने आरएमसीची (तयार काँक्रीटची) मोठी गाडी येत नाही, तो साइटवरच मिक्स करतो म्हणतोय. आणि पैसे कसे बांधायचे?

गुण्या_ओळंबा

बाहेर काढलेल्या कडेसह तळ ९ × ५ मीटर, म्हणजे स्टार्टर धरून १० घनमीटर. एम३० ला घनमीटरमागे ८ गोणी धरल्या तर ८० गोणी. एका गोणीच्या मिक्सरवर सहा-सात तास लागतात, तेही न थांबता. त्यापेक्षा सेल्फ लोडिंग मिक्सर भाड्याने घ्या. तो अरुंद रस्त्यात शिरतो आणि माप यंत्राने घेतो. तरीही साधा मिक्सरच वापरायचा असेल तर पाणी मोजून, गोणीला जास्तीत जास्त २२ लिटर, वाळूतली ओल त्यातच धरून. काँक्रीट सरकत नाही म्हणून कुणी पाइप सोडला की तो एम३० उरत नाही. पातळ हवं असेल तर प्लास्टिसायझर. दोन व्हायब्रेटर ठेवा, एक बंद पडतोच. ताकद तपासायचे क्यूब सहा भरा: तीन ७ दिवसांचे, तीन २८ चे. तळावर आळी करून आणि भिंतींवर गोणपाट टाकून १४ दिवस पाणी.

पैसे टप्प्याला नव्हे, चाचणीला बांधा. पाइपांचा दाब टिकला, २८ दिवसांचे क्यूब उतरले, बादली चाचणी पास झाली, फिल्टर चालू होऊन पाणी काचेसारखं झालं. शेवटचे १० टक्के पहिला पावसाळा गेल्यावर.

पाईपवाला_भाऊ

विजेचं कुणी लिहिलं नाही. पाण्यातले दिवे फक्त १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे, पंप आणि दिवे दोन्ही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर). तळाची सळई, शिडी आणि रेलिंग एका तांब्याच्या तारेने जोडून अर्थ करा. ती तार काँक्रीटच्या आधीच बांधावी लागते, म्हणजे तुमच्या दुसऱ्या हजेरीत हे घाला. दिव्यामागे दीड मीटर केबल गुंडाळून ठेवा, म्हणजे पाणी न काढता दिवा काठावर घेऊन बदलता येतो.

पाणी बोअरचं भरणार असाल तर आधी बादलीत चमचाभर ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पिवळट-तांबूस झालं तर लोह आहे, टँकर मागवा. भरल्यावर पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवा. फिल्टरचा गेज स्वच्छ असतानाच्या आकड्याहून अर्धा बार चढला की बॅकवॉश (वाळूतून उलटं पाणी सोडून धुणं), तीन मिनिटं, सुमारे ५०० लिटर पाणी जातं. ते सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. मल्टिपोर्टचा (फिल्टरमधल्या पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा फिरवण्याआधी पंप बंद, नाहीतर आतला गॅस्केट फाटतो आणि पाणी वेस्टच्या पाइपातून गुपचूप जात राहतं.

आणि जून ते ऑक्टोबर तलाव रिकामा करायचा नाही, कितीही हिरवा झाला तरी.