जास्वंदीवर मिलीबग, पण मित्रकीटक मारायचे नाहीत. मदत हवी आहे

ठाण्यात गच्चीवर कुंडीत जास्वंद आहे, ऊन भरपूर. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठाशी मिलीबग (पांढरी, कापसासारखी दिसणारी रस शोषणारी कीड) नुसता भरलाय, खालची पानं चिकट होऊन काळी पडलीत आणि मुंग्यांची रांग चालूच. पाण्याचा जोरात फवारा मारून झाला, शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकले, लिटरला ५ मिली नीम ऑइल आणि थोडा लिक्विड सोप असं संध्याकाळी मारलं, थोडे दिवस कमी होतं की परत तेच.

आता त्यातच पांढऱ्या मेणचट झालरीच्या, मिलीबगपेक्षा मोठ्या आणि भराभर चालणाऱ्या अळ्या दिसायला लागल्यात. क्रिप्टोलीमस नावाच्या मित्रभुंग्याच्या अळ्या अशाच दिसतात म्हणे, तसं असेल तर त्यांच्यावर फवारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. फुलांवर शिंजीर पक्षी पण येतो त्यामुळे केमिकल नकोच, रोगार-बिगार कीटकनाशकं सुचवू नका प्लीज.

तर ही अळी तीच आहे हे नक्की कसं ओळखायचं, आणि तीच असेल तर नीम पूर्ण थांबवून फक्त मुंग्या (त्या मिलीबगला मित्रकीटकांपासून राखतात) अडवल्या तर पुरेल का? कुंडीतल्या झाडाला मुंग्या कशाने अडवता तुम्ही?