मदत हवी आहे: कोरियन राणीच्या अंत्ययात्रेचं चित्र (१८०५) पुरावा म्हणून कितपत धरावं?

नमस्कार मंडळी,

कोरियाच्या जोसन घराण्यातली राणी जोंगसुन १८०५ साली वारली. तिच्या अंत्यविधीचा जो सरकारी वृत्तान्त (उइग्वे) तयार झाला, त्यात अंत्ययात्रेचं रंगीत चित्र आहे. अशा चित्राला बानछादो म्हणतात. गंमत म्हणजे याच राणीच्या १७५९ मधल्या लग्नाच्या मिरवणुकीचंही बानछादो आहे. तेव्हा कोरियन वयमोजणीनुसार ती १५ वर्षांची होती आणि नवरा, राजा योंगजो, ६६ वर्षांचा! एकाच बाईची वरात आणि अंत्ययात्रा, दोन्ही चित्ररूपात टिकून आहेत हे कळल्यापासून या विषयाने मला झपाटलंय. दोन्हींवर मिळून एक लेख लिहायला घेतलाय.

अडचण अशी की बानछादो हे मुळात डोळ्यांनी पाहून काढलेलं चित्र नव्हेच. कोणी कुठे चालायचं हे आधी ठरवण्यासाठी ते आखत आणि पुढे वृत्तान्तात घालत. अंत्ययात्रेच्या बानछादोत पार्थिवाच्या पुढे गाड्यांवर बांगसांगशी असतात, चार सोनेरी डोळ्यांचे मुखवटे चढवून भुतंखेतं हाकलणारे. पार्थिवासाठी पालख्या दोन: मोठी देयो आणि चढणीच्या, अरुंद वाटेसाठी हलकी ग्योन्यो. पार्थिव एका वेळी एकीतच असणार, पण चित्रात दोन्ही खांदेकऱ्यांसकट निघालेल्या दिसतात. रडण्यासाठी नेमलेल्या राजवाड्यातल्या दासींची जागासुद्धा ठरलेली! म्हणजे मी पाहतोय तो बेत, घडलेली गोष्ट नव्हे, असं माझं मत होत चाललंय.

त्यात या काळात रांगेतल्या माणसांच्या आकृत्या लाकडी ठशांनी उमटवून मग रंगवत. मग चित्रातली डोकी मोजून ‘इतके लोक होते’ असं लिहावं का? मला तरी धीर होत नाही. वृत्तान्तातल्या लेखी याद्यांशी ताळा कसा घालतात, हे कोणी सांगेल का?

दुसरं म्हणजे, प्रत्यक्षात काय झालं ते राजघराण्याच्या इतिवृत्तात (सिल्लोक) सापडावं. ते ऑनलाइन आहे, पण नोंदी चांद्र तारखांनी लावलेल्या आणि मूळ मजकूर अभिजात चिनीत. कोरियन किंवा चिनी वाचणारं कोणी इथे असेल, तर दफनाच्या दिवसाची नोंद शोधायला मदत कराल का? चित्रातल्या गटांशेजारी लिहिलेली पदनामंही वाचून हवी आहेत. पानांचे फोटो व्यनि करतो.