लग्नातला आवाज: रेकॉर्डर कुठे ठेवायचा, लाइन कुठून घ्यायची?

फ्रेम२५ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मंगल कार्यालयातल्या लग्नाचं शूटिंग आहे, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांचा. कॅमेरे दोन. आवाजासाठी एक झूम एच१एन (हातात धरायचा रेकॉर्डर) आणि एक टॅस्कॅम डीआर-१०एल (कमरेला लावायचा छोटा रेकॉर्डर, कॉलर माइकसकट) एवढंच सामान आहे. कार्यालयाची स्वतःची साउंड सिस्टीम आहे, मिक्सर लहानसा. सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंतचे विधी आणि मंगलाष्टकं नीट हवीत. वरातीला ढोल-ताशा आहे.

कॉलर माइक नवरदेवाला लावायचा की गुरुजींना? एच१एन स्टेजवर ठेवू की मिक्सरला जोडू? लेव्हल किती ठेवायची? आणि तीन-चार तासांचं रेकॉर्डिंग कॅमेऱ्याशी जुळवताना सरकतं म्हणतात, त्याचं काय करायचं?

---

पॅचकॉर्ड

कॉलर माइक गुरुजींना. यात मला तरी शंका नाही. मंगलाष्टकं संपली की स्टँडवरचा माइक बाजूला जातो. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांतलं बहुतेक बोलणं गुरुजी पाटावर बसून साध्या आवाजात करतात, ते मिक्सरपर्यंत पोचतच नाही. नवरदेव मंगलाष्टकांना शेरवानीत आणि विधींना सोवळ्यात, म्हणजे मधे कपडे बदलणार. त्या घाईत माइक खोलीतच राहतो किंवा शेरवानीबरोबर बॅगेत जातो. वर गळ्यात हार पडला की फुलं आणि जरीची दोरी माइकवर घासत राहतात, आणि ती खरखर नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने स्वच्छ निघत नाही.

लावायची पद्धत: हनुवटीपासून साधारण एक वीत खाली, छातीच्या मधोमध. गुरुजी सदऱ्यात असतील तर गुंड्यांच्या पट्टीवर. नुसतं उपरणं असेल तर त्याची छातीवर येणारी कड दुहेरी दुमडून त्यात क्लिप अडकवा, एकेरी कापडावर क्लिप झुलते. क्लिपजवळ वायरचा बोटाएवढा वेढा करून टेपने कापडाच्या आतल्या बाजूला चिकटवा. वायर ओढली गेली तर ओढ वेढ्यावर येते, माइकवर नाही. रेकॉर्डर कमरेला, सोवळ्याच्या गाठीपाशी. मंत्र म्हणताना गुरुजी मान खाली घालतात, त्यामुळे माइक फार वर लावू नका, श्वास थेट त्यावर येतो.

आणखी एक: माइकचं तोंड खाली करून लावा. हा माइक सगळ्या बाजूंनी सारखंच ऐकतो, उलटा लावला म्हणून आवाज बदलत नाही. फायदा असा की नाकातला श्वास आणि ‘भ’, ‘फ’चे फटकारे चुकतात, आणि अक्षता थेट जाळीवर पडत नाहीत. अक्षतेचा एक दाणा जाळीवर पडला तरी ‘टक्’ असा टोकदार आवाज येतो, आणि प्रत्येक ‘सावधान’नंतर मूठभर दाणे येणार आहेत.

डीआर-१०एलमध्ये दुहेरी रेकॉर्डिंगची सोय आहे, ती चालू करा. तोच आवाज ६ डेसिबल कमी पातळीवर दुसऱ्या फाइलमध्येही जातो. पहिल्या फाइलमध्ये जोरामुळे आवाज फाटला तर तेवढा तुकडा दुसरीतून घेता येतो.

माइक लावण्याआधी गुरुजींना सांगा, विचारा. विधींच्या मधे दक्षिणेपासून घरगुती कुरबुरींपर्यंत सगळं त्यांच्यासमोर बोललं जातं आणि ते सगळं रेकॉर्ड होतं. असे तुकडे कुणाला न ऐकवता पुसून टाकणं हा कामाचाच भाग आहे.

---

खर्ज

पॅचकॉर्ड यांच्याशी सहमत. आता मिक्सरचं.

मंगलाष्टकं म्हणायला आत्या, मामा, वहिनी एकामागून एक येतात. कुणी माइक तोंडाला लावतं, कुणी हातभर लांब उभं राहतं. हे सगळं गुरुजींच्या छातीवरून धड ऐकू येणार नाही. म्हणून मिक्सरमधून लाइन (वायरने थेट येणारा आवाज) घ्याच, आणि त्याला एच१एन जोडा. ऑक्स आउट (मिक्सरमधून आवाज वेगळा बाहेर काढायची सोय) असेल तर तो मागा, आणि तो फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळीच्या) आधीचा असेल तर उत्तमच. स्पीकर शिटी मारायला लागला की सिस्टीमवाला फेडर खाली ओढतो, फेडरनंतरची लाइन असेल तर तुमचाही आवाज त्याबरोबर बुडतो. रेकॉर्ड आउट काही मिक्सरमध्ये मास्टर फेडरच्या आधी असतो, काहींत नंतर. सिस्टीमवाल्याला मास्टर जरा खालीवर करायला सांगा आणि रेकॉर्डरचं मीटर बघा, लगेच कळतं.

काही कार्यालयांत मिक्सर नसतोच, माइक थेट अॅम्प्लिफायरला जातात. त्याच्या मागे ‘लाइन आउट’ असेल तर तिथून घ्या. स्पीकरच्या स्क्रूंना काहीही जोडू नका. तिथे ७० किंवा १०० व्होल्टची लाइन असते, रेकॉर्डर जळतो.

एच१एनला माइक आणि लाइन दोन्हींसाठी एकच बारीक सॉकेट आहे आणि मिक्सरचा आवाज त्याच्या मानाने फार जोरकस असतो. आधी मेनूत प्लग-इन पॉवर (सॉकेटमधून माइकला जाणारी वीज) बंद करा. मग ऑक्सची कळ शून्यावरून हळूहळू वर न्या. रेकॉर्डरची आवाजाची चकती एक-दोनवर असूनही आवाज फाटत असेल तर फाटणं रेकॉर्डरच्या दारातच होतंय, चकती कमी करून उपयोग नाही. मिक्सरमधूनच कमी द्या किंवा मधे २० डेसिबल कमी करणारी वायर घाला.

रेकॉर्डर सेलवरच चालवा. स्वस्त चार्जर लावला की मिक्सरच्या आणि चार्जरच्या अर्थिंगमधून ५० हर्ट्झची घूं शिरते. सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरला दुसरं अर्थिंगच नसतं, त्यामुळे हा त्रास बहुधा होत नाही. मोबाइल रेकॉर्डरपासून दोन हात लांब. टूजीवर रेंज शोधणारा फोन लाइनमध्ये ‘टर्र-टर्र’ घालतो.

---

फ्रेम२५

खूप आभार दोघांचे. काल कार्यालयात जाऊन चाचणी घेतली. मिक्सरला मोकळा फक्त एक एक्सएलआर आउट आहे. तीन पिनांच्या एक्सएलआरपासून बारीक स्टिरिओ जॅकची तयार वायर लावली. हेडफोनवर आवाज आला, जरा पोकळ वाटला. तीच फाइल मोबाइलच्या स्पीकरवर लावली तर बोलणं जवळजवळ गायब! मागचा पंखाच तेवढा ऐकू येतोय. वायर खराब आहे का?

---

खर्ज

वायर चांगली आहे, जोडणी चुकीची आहे. एक्सएलआरच्या दोन नंबरच्या पिनवर सरळ आवाज असतो आणि तीन नंबरवर तोच आवाज उलटा. तुमच्या वायरने दोन नंबर डाव्या चॅनलला दिला, तीन उजव्या. दोन्हींत आवाज आहे, पण एकमेकांच्या विरुद्ध. मोबाइलचा स्पीकर दोन्ही चॅनल एकत्र करतो तेव्हा ते एकमेकांना खातात. पाहुणे व्हिडिओ मोबाइलवरच बघणार, म्हणजे अख्खी मंगलाष्टकं मुकी झाली असती.

झालेल्या रेकॉर्डिंगवर उपाय सोपा आहे: उजवा चॅनल काढून टाका आणि डावाच दोन्हीकडे ठेवा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ केलं की होतं.

लग्नाच्या दिवसासाठी एक्सएलआर आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला छोटा डब्बा घाला, हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. सिस्टीमवाल्याकडे असतो, ‘आयसोलेशन बॉक्स’ म्हणून मागा. नाहीतर अशी वायर करून घ्या: दोन नंबर डाव्या-उजव्या दोन्हींना, एक नंबर जॅकच्या अर्थला, तीन नंबर मोकळा. तीन नंबर मोकळा ठेवणं चालेल की अर्थला जोडायचं हे मिक्सरच्या आउटपुटच्या प्रकारावर ठरतं: आत ट्रान्सफॉर्मर असेल तर मोकळा ठेवल्यावर आवाज बारीक येतो, मग तो अर्थला जोडा. आणि चाचणी नेहमी मोबाइलच्या स्पीकरवरही करा. मीटर अशा वेळी अगदी व्यवस्थित हलतं, त्यावर विसंबू नका.

---

सातारी कान

लेव्हलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

ऑटो लेव्हल बंद. ती चालू असेल तर दोन मंगलाष्टकांमधल्या शांततेत रेकॉर्डर आवाज वर ओढतो, पंखे आणि खुर्च्यांची सरकासरक वर येते, आणि पुढची ओळ सुरू झाली की पहिला शब्द दबतो. गुरुजींना माइक लावल्यावर एकदा खणखणीत ‘शुभमंगल सावधान’ म्हणायला सांगा आणि त्या आवाजाला मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. नेहमीचं बोलणं मग उणे २०-२५ला राहील. ते कमी वाटेल, पण २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये नंतर वाढवता येतं. ही जागा कशासाठी सोडायची, तर ‘तदेव लग्नं’ संपलं की एका क्षणात सनई-चौघडा, टाळ्या आणि अक्षता एकदमच येतात. लग्नातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आणि सगळ्यात जोराचा आवाज एकाच सेकंदात असतो. लिमिटर (फार जोराचा आवाज आपोआप दाबणारी सोय) चालू ठेवा, पण फक्त या क्षणासाठी. प्रत्येक ओळीला तो लागत असेल तर लेव्हल जास्त आहे.

एच१एन मिक्सरला गेला तर सभागृहाचा आवाज टिपायला काही उरत नाही. कॅमेऱ्याचा माइक पुरणार नाही, कुणाकडून तरी तिसरा कसलाही रेकॉर्डर मागून आणा. स्टेजच्या कडेला स्टँडवर, डोक्याच्या वर, केसाळ आवरण घालून, पेडेस्टल पंख्याच्या झोतातून बाहेर. लो-कट (खालची घरघर कापणारी सोय) ८० हर्ट्झला. सनईवाल्यांच्या तोंडासमोर नको: ते बसतात तिथून उलट कोपरा बघा. हा आवाज लाइनच्या खाली १०-१२ डेसिबलने मिसळला की लग्न लग्नासारखं वाटतं. नुसती मिक्सरची लाइन बंद खोलीत म्हटल्यासारखी कोरडी लागते.

वरात हा वेगळाच विषय आहे. एच१एनचे स्वतःचे माइक १२० डेसिबलपर्यंतच झेपतात. ताशाच्या शेजारी उभं राहिलं की माइकचा पडदाच पुरा पडत नाही, मग चकती कितीही कमी करा, आवाज फाटकाच येणार. ३२ बिट फ्लोटचे नवे रेकॉर्डरही इथे वाचवत नाहीत: ते पुढच्या सर्किटमधलं फाटणं टाळतात, माइकमधलं नाही. झूम एच५ किंवा एच४एन प्रोचे माइक १४० डेसिबल सोसतात. ते नसतील तर अंतर हाच उपाय. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल उतरतात, म्हणजे ४ फुटांवरून १६ फुटांवर गेलात की १२. गल्लीत भिंतींमुळे त्याहून कमी उतरतं. पथकाच्या पुढे पंधरा-वीस फूट, रेकॉर्डर काठीवर उंच.

---

लोलक

माझं मत थोडं वेगळं. गुरुजी पाटावर बसले की वधूवर त्यांच्यापासून दोन-तीन फुटांवर असतात. गुरुजींच्या माइकवर मंत्र छान येतात, पण ‘नातिचरामि’ म्हणणारा नवरदेव पुटपुटल्यासारखा येतो. शक्य असेल तर विधींना बसल्यावर दुसरा छोटा रेकॉर्डर नवरदेवाच्या उपरण्याला लावा. वधूला नको: हिरवा चुडा, मंगळसूत्र आणि शालूची जर, तिन्हींचा आवाज बोलण्याच्या वर येतो. मुंडावळ्या लांब असतील तर नवरदेवाचा माइकही मधोमध न लावता एका बाजूला सरकवा. होमाच्या धुराने माइकला काही होत नाही, पण तुपाचे थेंब उडतात तेवढं सांभाळा.

---

पॅचकॉर्ड

लोलक, हे पटलं. दोन रेकॉर्डर असतील तर तसंच करावं. एकच असेल तर मी गुरुजींवरच ठाम.

जुळवण्याबद्दल. प्रत्येक रेकॉर्डरचं घड्याळ किंचित पुढे किंवा मागे चालतं. दहा लाखांत वीसचा फरक धरला तर तासाला ७२ मिलिसेकंद. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तासात जवळजवळ दोन फ्रेम, आणि कॅमेरा उलट दिशेने चुकत असेल तर आणखी. सगळ्या यंत्रांचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा, एखादं ४४.१वर राहिलं तर गोंधळ वाढतो. सगळे रेकॉर्डर एकदा चालू केले की बंद करू नका. सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांसमोर एक टाळी, जेवणाआधी दुसरी. एडिटिंगमध्ये आवाजाच्या लहरींवरून जुळवणी होते (डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे), पण ती पहिल्या टोकाला बसते, सरकणं काढत नाही. ट्रॅक ताणण्यापेक्षा प्रत्येक विधीच्या आधीच्या शांततेत कापा आणि तेवढा तुकडा एक-दोन फ्रेम सरकवा. कुणाला कळत नाही.

सभागृहाच्या रेकॉर्डरचं वेगळं गणित: तो वक्त्यापासून दहा मीटर लांब असेल तर आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढा टाइमलाइनवर आधी (डावीकडे) सरकवा, नाहीतर लाइनबरोबर मिसळल्यावर डब्यातून आल्यासारखा घुमतो.

---

खर्ज

कार्ड-सेलचं राहिलं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी, मोनोला अर्धा. ३२ जीबीचं कार्ड दिवसभराला भरपूर होतं, एमपीथ्रीच्या मागे लागू नका. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये २ जीबीला फाइल आपोआप तुटून नवी सुरू होते, म्हणजे दोन तासांनी. घाबरू नका, तुकडे एकामागे एक लावले की सलग बसतात. कार्ड आदल्या दिवशी रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. दोन्ही यंत्रांना कागदावर दहा तासांचा सेल आहे, तरी मुहूर्ताच्या तासभर आधी नवे घाला. रिचार्जेबल १.२ व्होल्टचे असतात, मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीची खूण चुकीची दिसते. होल्डची (बाकी कळा कुलूपबंद करणारी) कळ सरकवूनच रेकॉर्डर गुरुजींकडे द्या. एच४एन कुणाकडून उसना आणलात तर लक्षात ठेवा, पहिल्यांदा रेकॉर्ड दाबल्यावर लाल दिवा लुकलुकतो तेव्हा तो फक्त तयार असतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो आणि काउंटर पळायला लागतो.

मधेच सेल गेला आणि फाइल शून्य सेकंदांची दिसली तर कार्डावर काहीही नवं रेकॉर्ड करू नका, फॉरमॅट तर नाहीच. फाइलला आकार असेल तर ऑडॅसिटीत ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ने उघडा: २४ बिट साइन्ड, लिटल एंडियन, ४८०००, चॅनल एक किंवा दोन. नुसती फुसफुस आली तर सुरुवातीचा ऑफसेट १ करून बघा, मग २. तिन्हींपैकी एकावर गुरुजींचा आवाज येतो. फाइलचा आकारही शून्य असेल तर फोटोरेक हे फाइल परत मिळवायचं सॉफ्टवेअर चालवा, ते कार्डावरच्या वेव्ह फाइल्सही शोधतं.